इंजिन ऑइलचा तांबडा दिवा



मागच्या पावसाळ्यात आम्ही डिचोलीहून पेडण्याला निघालो होतो. कोलवाळचा पूल ओलांडला आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला. "पेडणे आता आलेच, तिथल्या गॅरेजमध्ये दाखवू," असे म्हणून आम्ही गाडी तशीच पुढे हाकली. धारगळच्या अलीकडे इंजिन खडखडले आणि बंदच पडले. दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पट्टी बघितली नव्हती काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

आमची समजूत अशी होती की तेल थोडे कमी झाले की हा दिवा लागतो. तसे नाही. बहुतेक गाड्यांत तो तेलाचा दाब घसरल्याचे सांगतो. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पंप बिघडला तर नळ कोरडाच राहतो. तसेच इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये, तेल असूनही वर पोहोचले नाही तर क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पातळ थर तुटतो. धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. म्हणून "पुढच्या गॅरेजपर्यंत" हा हिशेब इथे चालत नाही.

दिवा लागताच गाडी सुरक्षितपणे कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. जागा सपाट असावी. पाच-दहा मिनिटांनी पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे. कमी असल्यास गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच तेल थोडे थोडे घालावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त घालणेही वाईटच. गाडीखाली तेल ठिबकते का, तेही पाहावे. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर चिऱ्याच्या तुकड्याने चेंबर फुटणे नवीन नाही.

तेल पुरेसे असूनही इंजिन सुरू केल्यावर दिवा विझला नाही, तर लगेच बंद करावे. बिघाड पंपात असेल, जाळी तुंबली असेल किंवा नुसता दाबाचा स्विचही गेलेला असेल. पण ते मेकॅनिकने तपासून ठरवायचे. तोवर गाडी टोचन करूनच न्यावी.

चोर्ला घाटात वळणावर किंवा चढावर दिवा क्षणभर लुकलुकला, तर बहुधा तेल कमी झालेले असते आणि ते एका बाजूला सरकते. काही गाड्यांत पिवळा दिवा असतो, तो तेलाच्या पातळीचा. त्यात थोडी सवड मिळते.

आमच्या बालरथाच्या चालकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागायलाच हवा आणि सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझायला हवा. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर दिव्याची जोडणी किंवा स्विच बिघडलेला असू शकतो, आणि मग दाब खरोखर गेला तरी डॅशबोर्डवर काहीच दिसणार नाही.