मोबाइलमधला कुलूपबंद व्हिडिओ

गटाच्या बैठकीला आता वहीइतकाच मोबाइलही लागतो. ज्वारीच्या पदार्थांची कृती असो, शेळीच्या लसीची माहिती असो, आपण व्हिडिओ लावून बघतो. पण वस्तीवर रेंजचा भरवसा नाही. म्हणून मंगळवेढ्याला बाजारात आलो, की तिथंच व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतो. आणि नेमका बैठकीत तो लागत नाही! असं का होतं, ते आज समजून घेऊ.

डाउनलोड दोन तऱ्हेचं असतं. आपण काढलेला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ गॅलरीत दिसतो, दुसरीला पाठवताही येतो. यूट्यूबसारख्या अ‍ॅपच्या आत केलेलं डाउनलोड मात्र गॅलरीत सापडत नाही. ते कुलूपबंद असतं. आपल्या गटाची पेटी एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं असते ना, तसंच इथं आहे. पेटी आपल्या फोनमध्ये, किल्ली अ‍ॅपकडं. तो व्हिडिओ फक्त त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच फोनवर आणि त्याच खात्यावर चालतो. मेमरी कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी उपयोग नाही.

या किल्लीला मुदतही असते. यूट्यूबनं ही सोय भारतात २०१४ च्या डिसेंबरात आणली, तेव्हा व्हिडिओ ४८ तास चालायचा. आता अ‍ॅपप्रमाणं आणि व्हिडिओप्रमाणं मुदत वेगवेगळी असते. मुदत संपली, की फोन पुन्हा इंटरनेटला जोडावा लागतो. जोडल्यावर अ‍ॅप आधी पडताळून बघतं. व्हिडिओ टाकणाऱ्यानं तो काढून घेतला असेल, तर आपल्याकडचाही जातो. फोन बिघडलेला नसतो, कुणी खोडी केलेली नसते.

आता काय सांभाळायचं ते बघू.

बैठकीच्या आदल्या दिवशी रेंजमध्ये अ‍ॅप उघडा. मग नेट बंद करून व्हिडिओ एकदा लावून बघा. चालला, तर बैठकीत चालेल.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात फोन एकच असतो. मुलानं आपलं खातं लावलं, की आईचे डाउनलोड दिसेनासे होतात. आधी खातं कुणाचं आहे ते बघा.

फोन भरला म्हणून अ‍ॅप काढून टाकू नका, त्याचा ‘डेटा’ पुसू नका. दोन्हीनं सगळे डाउनलोड एका फटक्यात जातात. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड्स’मध्ये जाऊन बघून झालेला एकेक व्हिडिओ तिथूनच काढा.

डाउनलोड करताना दर्जा विचारला, तर कमी निवडा. कृती बघायला तेवढं पुरतं. जागा कमी लागते, नेटही वाचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही व्हिडिओंना डाउनलोडची सोय नसते किंवा त्यासाठी पैसे मागतात. मग कुणीतरी सांगतं, ‘ही लिंक दाबा, हे अ‍ॅप टाका, कुठलाही व्हिडिओ उतरतो.’ सख्यांनो, लिंकवरून आलेली असली एपीके फाइल टाकू नका. त्यातलं एखादं अ‍ॅप आपले मेसेज वाचू शकतं, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. ज्या फोनवर आपण व्हिडिओ बघतो, त्याच फोनवर कर्जाचे हप्ते आणि बचतीचा हिशेबही असतो. एका व्हिडिओपायी दहा जणींची बचत धोक्यात घालायची का? पैसे गेलेच, तर रडत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं अवघड.

शिवाय असं कुलूप मुद्दाम तोडून नक्कल करणं कायद्यातही बसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली त्यासाठी कलम ६५अ घातलं आहे.

मग कायमचं जवळ ठेवायचं काय? जे आपलं आहे ते. गटातली जी सखी उत्तम पापड लाटते, तिला विचारून तिचाच व्हिडिओ काढा. तो गॅलरीत राहील, कधीही लागेल, गावोगावच्या गटांना पाठवता येईल. त्याची किल्ली कुणाकडं मागावी लागत नाही.

या आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला फोन काढून ‘डाउनलोड्स’ एकदा उघडून बघा. जिला जमत नाही, तिला शेजारणीनं शिकवा.