मुठीएवढे इंजिन, पुऱ्या कारखान्याचा हुनर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कापडाच्या व्यापाऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम एवढेच की आमचे बरेच गिऱ्हाईक त्या भागातले आहे आणि उधारीसाठी तिकडे फेरी मारावीच लागते. लेथच्या आवाजात उधारीचा विषय निघत नाही, म्हणून माणूस बघत बसतो. बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. तरुण कारीगराला विचारावे की बाबा, हा तुकडा कोणत्या यंत्रात कुठे बसतो, तर पुष्कळदा त्याला सांगता येत नाही. ड्रॉइंग येते, कच्चा माल येतो, तयार माल टेम्पोत चढतो. हात तरबेज आहे, पण पुरे यंत्र त्याने कधी पाहिलेले नाही.

कोल्हापुरात पूर्वी असे नव्हते. पंचगंगेच्या काठी ऊस वाढला, त्याला पाणी लागले, गुऱ्हाळ आणि पिठाच्या गिरण्या चालवायला ताकद लागली आणि तेलावर चालणारी इंजिने गावोगाव आली. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने 1930 नंतरच्या दशकात डिझेल इंजिन बनवले. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. इंजिन आले म्हणजे ते बिघडणार आणि बिघडले म्हणजे मिस्त्री लागणार. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग सगळे इंजिनच इथे बनवायचे, अशी कोल्हापूरची चढण आहे. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे उद्यमनगरात आजही अदबीने घेतात, ती याच कामासाठी. पुढे खेड्यात वीज गेली, विजेच्या मोटारी विहिरीवर बसल्या आणि तेल-इंजिनाची मागणी आटली. ओतशाळा मात्र वाढल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत आज मोटारगाड्या व ट्रॅक्टरचे भाग होतात. धंदा मोठा झाला, पण काम तुकड्यातुकड्यांचे झाले.

यावर एक इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. घरच्या शेडमध्ये, आपल्या हाताने, चालणारे छोटे इंजिन बनवणे. ते ना शेतात चालेल ना गिरणीत. टेबलावर ठेवायचे, पेट्रोलचे चार थेंब टाकायचे आणि चाक फिरवून सुरू करायचे. विलायतेत या कामाचे शौकीन पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी 1898 पासून तिथे मासिक निघत आले आहे. आपल्याकडे मात्र हा रिकामटेकड्यांचा खेळ समजतात. माझे मत उलटे आहे. पितळेची शोभेची वस्तू आणि चालणारे इंजिन यांत मोठा फरक आहे. शोभेच्या वस्तूत चूक झाकता येते. इंजिनात झाकता येत नाही, ते सुरूच होत नाही.

हेन्री फोर्ड यांनी हेच केले होते. तेव्हा ते डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरीला होते. सिलिंडर म्हणजे एक इंची गॅसच्या पाइपाचा तुकडा, आतून घासून गुळगुळीत केलेला. फ्लायव्हील एका जुन्या लेथच्या हातचाकाचे. 24 डिसेंबर 1893 च्या रात्री त्यांनी ते लाकडी फळीवर बसवून स्वयंपाकघराच्या मोरीला आवळले. ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज घेतली. पत्नी क्लारा हाताने पेट्रोलचे थेंब सोडत होत्या, घरात जेमतेम दीड महिन्याचे मूल होते. इंजिन चालले. अडीच वर्षांनी, जून 1896 मध्ये, त्यांची पहिली चारचाकी रस्त्यावर आली. ते मोरीवरचे इंजिन डिअरबॉर्नच्या संग्रहालयात ठेवले आहे.

पण फोर्डपर्यंत जायचे कशाला? कोल्हापुरातच आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवण्याचा घाट घातला. आनंदराव 1916 साली वारले, बाबूरावांनी दामले यांच्या साथीने 1918 मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि त्यातून इथला चित्रपटधंदा उभा राहिला. पेंटर म्हणजे चित्र रंगवणारे. त्यांनी लेथला हात लावला तर लेथवाल्याने इंजिनाला का लावू नये?

आता कामाकडे वळू. माझे ज्ञान उद्यमनगरच्या जुन्या मिस्त्रींकडे बसून मिळालेले आहे, ते तसेच सांगतो. नवख्याने चार स्ट्रोकचे, पाण्याच्या हौदाने गार राहणारे, जुन्या गिरणीच्या घाटाचे आडवे इंजिन धरावे. सिलिंडर 25 मिलिमीटरचा, पिस्टनची चाल 32 मिलिमीटरची. म्हणजे सुमारे पावणेसोळा सीसी झाले. सिलिंडर व पिस्टन दोन्ही बिडाचे. बीड स्वतः थोडे वंगण धरते, घासले तरी चिकटत नाही. फ्लायव्हीलही बिडाचेच, जड असावे. ओतकाम करवून घेण्याची गरज नाही, भंगारातल्या ठोकळ्यातून सगळे काढता येते. क्रँकशाफ्ट एका सळईतून काढा किंवा तुकडे जोडून करा. जोडलेला सोपा, पण तो सरळ राहिला पाहिजे.

खरी परीक्षा सिलिंडरची. आम्हा कापडवाल्यांचे सूत वेगळे आणि मिस्त्रीचे सूत वेगळे, त्यांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण इथे सुताने चालत नाही. इंचाच्या हजाराव्या भागाला जुने मिस्त्री थाऊ म्हणतात. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यातली मोकळीक एका थाऊच्या आसपास ठेवायची. लेथवर बोअर करून तेवढी सफाई येत नाही, मग मऊ धातूच्या दांड्यावर घासण्याची पेस्ट लावून हळूहळू घासत जायचे. घाई केली की भोक तोंडाशी रुंद होते आणि ते परत अरुंद होत नाही. रिंगही घरी होते. बिडाची पातळ कडी काढायची, कापायची, फटीत पाचर घालून मंद लाल होईपर्यंत तापवायची. थंड झाल्यावर ती तशीच फाकलेली राहते आणि सिलिंडरला दाबून बसते.

यानंतर वाल्वचे टायमिंग. पुस्तकात हे फार अवघड करून सांगतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायचा, म्हणून क्रँकवर 20 दात्यांचे चाक असेल तर कॅमवर 40 दात्यांचे. हे वाचून मला हसू आले. इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग आहेत आणि साध्या मागात नेमके हेच आहे. वर क्रँकशाफ्ट, खाली बॉटम शाफ्ट, वरचे दोन फेरे तेव्हा खालचा एक. त्या खालच्या शाफ्टवरचे कॅम धोटा मारतात, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. माग एक इंच आधी मारतोय की उशिरा, हे आमचा जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो. त्या जॉबरला इंजिनाचे टायमिंग शिकवावे लागणार नाही, फक्त नावे बदलून सांगावी लागतील. आपल्या बांधवांत मागाचे जॉबर आणि फिटर किती आहेत हे मी सांगायला नको.

सोय अशी की जुन्या घाटाच्या इंजिनात हवा घेणारा वाल्व पिस्टनच्या ओढीनेच उघडतो, त्याला कॅम लागत नाही. कॅम फक्त धूर सोडणाऱ्या वाल्वला. वेग वाढला की गव्हर्नर तो वाल्व उघडाच धरून ठेवतो. मग इंजिन ठिणगी न खाता नुसते फिरते, वेग उतरला की पुन्हा एक ठोका देते. एक ठोका, चार सुस्कारे, पुन्हा एक ठोका. ठिणगीसाठी मोटारसायकलचा 10 मिलिमीटरचा प्लग, कॉइल आणि बॅटरी पुरते.

इथे एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दियारबक्रच्या दरबारातले कारीगर अल-जझरी यांनी 1206 साली पुरा केलेल्या किताबात दोन सिलिंडरांचा पिस्टन-पंप आहे, पाणचक्कीच्या फिरण्याचे पुढे-मागे ढकलणे करणारा. इंजिन त्यांनीच शोधले असे काही जण भाषणात ठोकून देतात, ते खरे नव्हे. त्यात ना आग होती ना ठिणगी. पण फिरणे आणि ढकलणे यांची ती जोडणी इंजिनातही आहे, आणि जझरी स्वतः हाताने बनवून पाहणारे होते, हे मला जास्त मोलाचे वाटते.

खर्चाचे म्हणाल तर लेथ हाताशी असेल तर माल बहुतेक भंगारातला. एका बऱ्या शालूच्या किमतीपेक्षा जास्त जाऊ नये. वेळ मात्र जातो, रोज संध्याकाळचे दोन तास धरले तरी काही महिने. मालक मंडळींना माझी विनंती आहे. शागीर्दाला सुट्टीच्या दिवशी लेथ वापरू द्या, भंगारातला ठोकळा फुकट द्या. अशा पोराला पुढे कोणत्याही खात्यात उभा करा, माल बिघडला तर कुठे बिघडला हे तो सांगेल. जास्त पगाराच्या ठिकाणी तो निघून जाईल ही भीती खोटी नाही. पण एकच ऑपरेशन येणारा पोरगाही निघून जातोच, आणि त्याच्या जागी यंत्रही येते.

सुरू करण्याआधी एक तपासणी. पेट्रोल न घालता फ्लायव्हील हाताने फिरवा. दाबाच्या जागी ते अडून उलटे उसळले पाहिजे. उसळले नाही तर पेट्रोलला हात लावू नका, आधी वाल्वची बैठक पुन्हा घासा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते. उसळले तर इंजिन उघड्यावर आणा, पेट्रोलचा डबा दहा पावले दूर ठेवा आणि शेजारी वाळूची बादली असू द्या. फोर्डने स्वयंपाकघरात केले म्हणून आपण करू नये.