नाईल नदी

मुलांनो, उर्दूच्या पुस्तकात तुम्ही 'दरिया-ए-नील' हे नाव वाचले असेल. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र! म्हणून मराठीत आपण 'नाईल नदी' असे म्हणू. ज्या देशाला तुम्ही मिस्र म्हणता, त्याला मराठीत इजिप्त म्हणतात.

आता आफ्रिकेचा नकाशा उघडा. नाईल सुमारे ६,६५० किलोमीटर लांब आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिचे दोन मुख्य प्रवाह आहेत. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून वाहत येते आणि निळी नाईल इथिओपियातील ताना सरोवरातून निघते. सुदानची राजधानी खार्टूम येथे दोघींचा संगम होतो. पुढे वाळवंट ओलांडून नाईल भूमध्य समुद्राला मिळते.

इजिप्तमध्ये पाऊस फारच थोडा पडतो. मग तेथे गहू, भात, ऊस आणि लांब धाग्याचा कापूस कसा पिकतो? हे सारे नाईलच्या पाण्यावर पिकते. म्हणूनच तेथील बहुतेक लोक नदीच्या काठी आणि तिच्या मुखाजवळील त्रिभुज प्रदेशात राहतात.

पूर्वी नाईलला दरवर्षी पूर येई व शेतांत सुपीक गाळ पसरे. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. त्यामुळे पूर आटोक्यात आला, वीज मिळाली आणि बारमाही पाणी मिळू लागले. पण गाळ धरणातच अडकला. शेतकऱ्यांना रासायनिक खते जास्त वापरावी लागली.

इजिप्तला मिळणारे बहुतेक पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून येते. त्या देशातील कितीतरी घरांत वीज नव्हती. म्हणून इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर प्रचंड धरण बांधायला घेतले. २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आपले पाणी कमी होईल, अशी भीती इजिप्तला वाटते. अनेक वर्षे बोलणी झाली, तरी वाद मिटला नाही.

नाईलचे खोरे ११ देशांत पसरले आहे. एकाला वीज हवी, दुसऱ्याला शेतीसाठी पाणी हवे. दोघांचीही गरज खरी आहे. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यावरूनही राज्याराज्यांत वाद झाले आहेत. विचार करा, वरच्या गावाने आणि खालच्या गावाने एकाच नदीचे पाणी कसे वाटून घ्यावे?