रिकाम्या वाघिणी परत कोण नेणार?

संगणक अडखळायला लागला, प्रिंटर ओळखेना, पडदा गोठला, की नांदेडच्या वजिराबादेत काय आणि लातूरच्या गंजगोलाईत काय, सल्ला एकच मिळतो: ‘रिस्टार्ट करून बघा.’ बहुतेक वेळा काम होतंही. का होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. कारणं अनेक असतात. त्यांतलं एक अगदी खोल, यंत्राला संगणकाशी जोडणाऱ्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये दडलेलं असतं: कुणीतरी मेमरी मागून घेतलेली असते आणि ती परत करायची राहून गेलेली असते.

साध्या प्रोग्रॅमने अशी चूक केली तर फारसं बिघडत नाही. ब्राउझर बंद केला की त्याने घेतलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून काढून घेते. ड्रायव्हरचं तसं नाही. तो कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचाच, भाग होऊन चालतो आणि त्याच्यामागून आवरणारं वर कुणी नसतं. लिनक्समध्ये ड्रायव्हर काढून टाकला, तरी त्याने न सोडलेली मेमरी पुढच्या रिस्टार्टपर्यंत अडकून पडते. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने दर पॅकेटमागे ४ किलोबाइट विसरले, तर दहा लाख पॅकेटांनंतर सुमारे ४ गिगाबाइट गेले. गजबजलेल्या सर्व्हरला दहा लाख पॅकेटं म्हणजे काहीच नाही.

लातूरकरांना हे समजायला २०१६ चा दुष्काळी उन्हाळा आठवला तरी पुरे. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची पहिली गाडी आली. तिला दहा वाघिणी होत्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. लोकांच्या लक्षात राहिलं ते पाणी, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र त्या वाघिणींची ये-जाही तितकीच विलक्षण वाटते. त्या आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. लिनक्समधलं ‘के-झेड-अलॉक’ हे फंक्शन हेच करतं: मेमरी देण्याआधी तिच्यातला प्रत्येक बाइट शून्य करतं, नाहीतर आधीच्या कुणाचा पासवर्ड तिथे तसाच पडून असायचा. पाणी उतरलं की वाघीण मिरजेला परत गेली पाहिजे. ती लातूरच्या सायडिंगला विसरली, तर पुढच्या खेपेला एक वाघीण कमी. ही झाली मेमरीची गळती. याहून घातक चूक उलट्या बाजूची. वाघीण परत दिली, तिच्यात दुसऱ्याचा माल भरला गेला, आणि आपण जुन्या चिठ्ठीवरचा क्रमांक पाहून तिचीच तोटी उघडायला गेलो. गळतीने संगणक हळूहळू थकतो. ही दुसरी चूक मात्र हल्लेखोरांना थेट कर्नलमध्ये शिरायची वाट करून देऊ शकते.

‘मग घेतलं ते परत करा, एवढंच ना?’ तितकं ते सोपं नाही. यंत्र जोडलं की ड्रायव्हर एकामागून एक गोष्टी मागतो: मेमरी, रजिस्टरांचा पत्ता, क्लॉक, इंटरप्ट. चौथी मिळाली नाही तर आधीच्या तिन्ही उलट्या क्रमाने सोडाव्या लागतात. ‘गो-टू वापरू नका’ असं महाविद्यालयात शिकवतात, पण सी भाषेतल्या कर्नलमध्ये याच कामासाठी गो-टूची उतरती शिडी असते आणि ती तिथे शोभते. तिची एखादी पायरी चुकली तरी कळत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर चौथी गोष्ट नेहमी मिळतेच. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं.

यावर सर्वांत शहाणा उपाय मला वाटतो तो तेजुन हेओ यांचा, आणि त्यांचं नाव कर्नलच्या वर्तुळाबाहेर कुणी घेत नाही याची मला खरोखर खंत आहे. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२१ या आवृत्तीत त्यांची ‘डेव्हरेस’ ही व्यवस्था आली. प्रत्येक यंत्राच्या नावे एक यादी. जे जे घेतलं ते तिच्यात नोंदायचं आणि ते कसं सोडायचं तेही शेजारी लिहून ठेवायचं. सुरुवात फसली किंवा यंत्र काढलं, की कर्नल ती यादी खालून वर वाचत सगळं सोडत जातं. गो-टूच्या कितीतरी शिड्या यामुळे नाहीशा झाल्या.

पण यादी यंत्राच्या नावावर असते, वापरणाऱ्याच्या नाही. कॅमेरा वापरात असतानाच यूएसबीची वायर उपटली, तर यादीतली मेमरी सुटते आणि उघडं असलेलं ॲप त्याच जागेकडे बोट दाखवत राहतं. २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत कर्नल डेव्हलपर लोराँ पिंशार यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं मला पटतं: ॲपचं बोट जिच्याकडे उरू शकतं, ती मेमरी या यादीत टाकूच नये. तिचा शेवटचा वापरणारा जाईपर्यंत मोजदाद ठेवावी.

आता रस्ट भाषेचा गवगवा आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून तिला कर्नलमध्ये जागा मिळाली, आणि सोडलेल्या मेमरीला पुन्हा हात लावण्याची चूक ती बहुतांशी कंपाइल होतानाच पकडते. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र ‘आता गळती संपली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गळती होणार नाही असं वचन रस्टने दिलेलंच नाही. तिच्या नियमांत गळती ‘सुरक्षित’ समजली जाते.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला हे स्वतः पाहायचं असेल, तर खर्च काही नाही. कर्नलचा कोड खुला आहे. तो बांधताना ‘के-मेम-लीक’ हा पर्याय चालू करायचा. मग कर्नल दर दहा मिनिटांनी मेमरी चाळतं आणि ज्यांच्याकडे कुणाचंच बोट उरलेलं नाही अशा तुकड्यांची यादी देतं. यादीत आलेला प्रत्येक तुकडा म्हणजे गळती असं नाही, कधी खोटी शंकाही निघते. पण तो तुकडा कोणत्या फंक्शनने मागितला होता हे तिथे लिहिलेलं असतं, आणि शोध तिथूनच सुरू करायचा असतो.