तालीम : संकेत, यंत्र आणि हस्तकलेचे शिक्षण

१

मराठी भाषकाला ‘तालीम’ हा शब्द परका नाही. कुस्तीचा आखाडा हा त्याचा रूढ अर्थ. नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र ‘ज्ञान करून देणे, शिकविणे’ असा असून ‘इल्म’ हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून जी हस्तोद्योगकेंद्री शिक्षणपद्धती पुढे आली, तिच्या ‘नई तालीम’ ह्या नावात हा मूळ अर्थ कायम आहे. काश्मिरातील शालींच्या व गालिच्यांच्या विणकरांनी त्याच शब्दाला आणखी एक अर्थ दिला. त्यांच्या व्यवहारात तालीम म्हणजे विणकामाची लिपी.

लेसर कटर, थ्री-डी प्रिंटर, संगणकाच्या आज्ञेने चालणारी कोरीवकामाची यंत्रे इत्यादी साधनांना हस्तकलेच्या शिक्षणात स्थान द्यावे की नाही, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘हात विरुद्ध यंत्र’ अशा द्वंद्वाच्या आधारे केली जाते. काश्मिरी तालमीचे स्वरूप ध्यानात घेतल्यास हे द्वंद्व अपुरे ठरते. सूचना कोण लिहितो, ती कोण वाचतो आणि तिच्यात न लिहिलेला भाग कोण पुरवितो, हा खरा प्रश्न होय.

२

कानी शालीची नक्षी धोट्याने विणली जात नाही. निरनिराळ्या रंगांचे सूत गुंडाळलेल्या लहान लाकडी काड्या ताण्यातून फिरवून ती सिद्ध होते. ह्या काडीलाच ‘कानी’ असे म्हणतात. ह्या कामाची जुनी विभागणी चौपदरी होती. नक्काश नक्षीचे रेखाटन करी. तरह-गुरू रंग ठरवी. तालीम-गुरू रेखाटनाच्या तळापासून वरवर जात प्रत्येक ओळीत कोणत्या रंगाचे किती धागे येतात ते संकेतचिन्हांत उतरवून घेई. आणि विणकर त्या चिन्हांप्रमाणे विणी. १८२२-२३ मध्ये काश्मिरात असलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टने ह्या उद्योगाचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. पुढे गालिच्याच्या विणकामातही हीच लिपी रूढ झाली. तेथे एकजण तालीम मोठ्याने वाचतो आणि मागावर ओळीने बसलेले विणकर ऐकून गाठी मारतात.

तालमीच्या चिन्हांत दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात : रंग आणि संख्या. शाल विणताना तिची सुलट बाजू खाली असते. म्हणजे आपण काय घडवीत आहोत हे विणकराला काम चालू असताना नीट दिसतही नाही. तो केवळ संकेतांचे पालन करतो. तेव्हा ‘हाताचे काम म्हणजे स्वच्छंद सर्जन आणि यंत्राचे काम म्हणजे आज्ञापालन’ ही समजूत निदान ह्या कलेपुरती तरी टिकत नाही. आज्ञापालन दोहोंकडे आहेच.

भेद आहे तो अध्याहाराचा. व्याकरणात वाक्यातील न उच्चारलेले पण अर्थासाठी आवश्यक असलेले पद अध्याहृत मानले जाते. ऐकणारा ते आपल्या मनाने पुरवितो. तालमीतील अध्याहार फार मोठा आहे. बाण्याचा धागा किती ओढावा, ठोका किती जोराचा द्यावा, तुटलेला तंतू कोठे व कसा सांधावा, ह्यांपैकी एकही गोष्ट तालमीत लिहिलेली नसते. उमेदवारीच्या दीर्घ काळात शागीर्द चिन्हे लवकर शिकतो. उरलेली वर्षे तो हा अध्याहारच शिकत असतो.

३

यंत्राने ह्या व्यवस्थेत कसा प्रवेश केला, हे पाहण्यासाठी फ्रान्सकडे वळावे लागते. १८०४ च्या सुमारास ल्यों येथे जोसेफ मारी जाकार याने छिद्रित पत्त्यांच्या योगे ताण्याचे धागे उचलणारी यंत्रणा सिद्ध केली. एकेक पत्ता बाण्याच्या एकेका फेरीचे नियमन करी. चौकटीच्या कागदावरील नक्षी पत्त्यांवर उतरविण्याच्या कामाला तेथील व्यवसायात ‘लीझाज’ म्हणत. ह्या शब्दाच्या मुळाशी ‘वाचणे’ हेच क्रियापद आहे. म्हणजे ल्योंच्या कारखान्यातही तालीम-गुरू होता. फरक इतकाच की त्याने केलेले वाचन माणसाच्या कानी न पडता यंत्राच्या सुयांना जाऊन भिडत होते.

ह्या फरकाचे परिणाम दूरवर झाले. ल्यों व स्कॉटलंडमधील पेझली ह्या गावी काश्मिरी शालींच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. मराठीत ज्या आकृतीला ‘कोयरी’ म्हणतात, तिला इंग्रजीत आज त्या स्कॉटिश गावाचेच नाव आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रेंच बाजारपेठ ढासळली आणि काश्मिरातील शालींचा व्यापार कोसळला. नक्षीचे नावही मूळ कारागिराच्या भाषेतून निसटावे, ही घटना संकेत ज्याच्या हाती त्याच्याकडे कला जाते ह्याची साक्ष देते.

४

आजची संगणकीय फाइल ही जाकारच्या पत्त्यांची वंशज आहे. परंतु तिच्यात एक नवी गोष्ट आहे. तिला अध्याहार चालत नाही. लेसर कटरला केवळ आकृती देऊन भागत नाही. किरणाची शक्ती किती, गती किती, हे अंकांत सांगावे लागते. सागाची फळी आणि देवदाराची फळी जाडीने सारख्या असल्या तरी एकाच मापाने दोन्ही सारख्या कापल्या जात नाहीत. एक नीट तुटेल तर दुसरी करपेल. थ्री-डी प्रिंटरला थराची जाडी आणि उष्णतामान कळवावे लागते. जे सुताराच्या मनगटाला न बोलता कळत होते, ते येथे संख्येत बोलून दाखवावे लागते.

ह्यावरून अध्याहार नष्ट झाला असे अनुमान काढणे मात्र चुकीचे होईल. तो बोटांतून निघून अंकांच्या निवडीत गेला, एवढेच. ते अंक जो ठरवितो त्याला द्रव्याचे ज्ञान असावेच लागते. जो विद्यार्थी दुसऱ्याने तयार केलेली फाइल उघडून कळ दाबतो, त्याला ना चिन्हे येतात ना अध्याहार. ज्ञानाच्या दृष्टीने तो तालीम ऐकून विणणाऱ्या शागिर्दाच्याही खालच्या पायरीवर राहतो. उलट, जो आकृती स्वतः रेखाटतो, अंक स्वतः ठरवितो आणि फसलेला नमुना पाहून ते बदलतो, तो नक्काश, तालीम-गुरू आणि विणकर ह्या तिघांची कामे एकट्याने करतो. यंत्र तेच, शिक्षण मात्र परस्परविरोधी.

काश्मिरात आता नक्षी संगणकावर काढून तालीम छापून घेण्याची सोय झाली आहे. श्रम व लेखनदोष त्यामुळे कमी होतात, हा लाभ लहान नाही. परंतु रेखाटन पाहून तालीम सांगू शकणारा मनुष्य त्यातून वगळला जातो. अशी माणसे उरली नाहीत, तर जुन्या तालमींचे कागद जपूनही उपयोग नाही. वाचक गेलेल्या लिपीसारखी त्यांची गत होईल.

५

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. तेथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सुतारकाम, जोडकाम, शेती, बांधकाम ह्यांतून हाताने शिकण्याची परंपरा तेथे आधी जवळजवळ दोन दशके रुजली होती. संगणकीय यंत्रे नंतर आली. द्रव्याचा प्रतिकार ओळखणाऱ्या हातात ती पडली.

हस्तकलेच्या अभ्यासक्रमात ह्याच क्रमाचा अवलंब करता येईल. प्रथम विद्यार्थ्याने एखादी लहान आकृती, उदाहरणार्थ कोयरी, हाताने विणावी अथवा कोरावी. मग तिची तालीम स्वतःच्या हाताने लिहावी. त्यानंतर तीच आकृती यंत्राच्या फाइलीत उतरवावी आणि तालमीत नसलेल्या कोणत्या गोष्टी फाइलीत नव्याने सांगाव्या लागल्या त्यांची यादी करावी. ती यादी हाच ह्या पाठाचा गाभा होय. कारण गुरूने कधी शब्दांत न सांगितलेले ज्ञान तिच्यात प्रथमच अक्षररूप घेते. अशी यादी कारागिराच्या बोलीत झाली पाहिजे. ताणा, बाणा, फणी, धोटा ही नावे आणि त्यांच्या सैल-घट्टपणाचे बारकावे सांगणारे शब्द जर आज्ञावलीच्या इंग्रजी परिभाषेपुढे निरुपयोगी ठरले, तर त्यांच्यासोबत ते भेद ओळखण्याची दृष्टीही मंदावेल.

यंत्र शाळेत येणार की नाही, हा निर्णय आता कोणाच्या हाती फारसा उरलेला नाही. ते वाचक म्हणून येणार की लेखक म्हणून, एवढेच अद्याप ठरावयाचे आहे. लेखन विद्यार्थ्याकडे राहिले तर यंत्र हे त्याचे आणखी एक हत्यार होईल. ते अन्यत्र गेले तर पेझलीची पुनरावृत्ती होईल. आणि ह्या वेळी कोयरीचे केवळ नावच नव्हे, तर ती घडविण्याची समजही कारागिराच्या घरातून निघून जाईल.