पेनातली वात

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून लेक घरी आला, की आई आधी काय करते? फराळाचं ताट पुढे करते हे तर खरंच. पण त्याच्याही आधी बॅगेतले मळके कपडे काढून भिजत घालते! मानवतला आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी हेच केलं. पँटचा खिसा चाचपला, तर जाडसर पेनासारखं काहीतरी हाती लागलं. निब नाही, टोपण नाही. एका अंगाला पारदर्शक नळी, तिच्यात तेलकट पाणी आणि वास आंब्याच्या गोळीचा. सोबत एका पुडीत करंगळीएवढ्या चार धातूच्या नळ्या.

"ताई, हे काय असेल हो? अत्तर म्हणावं तर तसं दिसत नाही, औषध म्हणावं तर लेबल नाही," म्हणत त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मनाला संशय आला होता, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

ती ई-सिगारेट होती. आणि त्या छोट्या नळ्यांना म्हणतात कार्टोमायझर.

वात ओळखीचीच

नाव अवघड आहे, पण वस्तू समजायला आपल्याला पाच मिनिटं पुरतात. मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. वाती वळणं इथल्या बायकांच्या हातातच असतं. समईत तेल, तेलात वात आणि वातीच्या टोकाला ज्योत. कार्टोमायझरमध्येही तेच. नळीत कापसासारखं भरण असतं, ते द्रवाने भिजतं आणि मधोमध एक बारीक तार असते. ज्योत मात्र नाही. बॅटरीने तार तापते, भिजलेल्या भरणातला द्रव वाफेसारखा उडतो आणि तो तोंडाने ओढायचा. डास पळवायचं विजेचं यंत्र आपण भिंतीला लावतो ना, जवळपास तीच तऱ्हा. म्हणूनच बिडीसारखी राख पडत नाही, कपड्यांना धुराचा वास येत नाही आणि आईला पत्ता लागत नाही.

द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. तंबाखूची चटक लावणारं द्रव्य ते हेच. हल्लीची ई-सिगारेट २००३ साली चीनमधले औषधतज्ज्ञ हॉन लिक यांनी तयार केली. ते स्वतः सिगारेट ओढत आणि ती सोडण्याची वाट शोधत होते. पण सोडणाऱ्यांसाठी निघालेली वस्तू कधीच न ओढलेल्या पोरांच्या खिशात येऊन बसली.

निवड आणि भिजवण

वहिनींनी लेकाला समोर बसवलं. आरडाओरडा केला नाही, हे त्यांचं कौतुक. पोरगा सुरुवातीला गप्प राहिला, मग एकदम पटापट बोलू लागला. एका तारेची नळी घ्यावी की दोन तारांची? ओहम कमी असला की त्याच बॅटरीवर तार जास्त तापते, वाफ दाट येते. टाकीत बसवायची नळी असेल तर तिला बाजूने भोक लागतं, म्हणजे द्रव आत झिरपतो. नवी नळी आधी थेंब थेंब द्रव घालून भिजवायची, काही मिनिटं मुरू द्यायची आणि मगच तापवायची.

"कोरडी तापवली तर?" वहिनींनी विचारलं.

"करपते. घशाला ठसका लागतो."

कोरडी वात पेटवली की ती स्वतःच जळते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथे भरण आणि उरलासुरला द्रव करपला, की फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिन अशी विषारी द्रव्यं वाढतात. कढईत तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबतो ना, त्या धुरात ॲक्रोलिनच असतं.

"पण आई, मी चांगल्या प्रतीची घेतो, नीट भिजवतो. मग काही होत नाही."

भगिनींनो, फसगत होते ती इथेच! चांगली निवडली, नीट भिजवली, तर करपट चव टळते इतकंच. निकोटिन जिथल्या तिथेच राहतं. माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात लागलेली चटक खोल रुजते आणि अभ्यासातलं लक्षही खाते. शिवाय चोरून आलेल्या बाटलीत काय आहे हे कोण सांगणार? अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशा वाफेने फुप्फुसं बिघडून फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. त्यांत ६८ मृत्यू होते. मुख्य दोष निघाला गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा. ओढणाऱ्याला त्याची कल्पनाही नसायची.

आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात बंद झाली. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. 'मित्रासाठी चार जास्तीच्या आणल्या' ही थट्टा नव्हे, हे मुलाला स्पष्ट सांगावं.

"आणि तुझी मिश्री?"

हे सगळं ऐकून घेतल्यावर पोरगा हळूच म्हणाला, "आई, मोरीतल्या डबीत काय आहे मग?"

वहिनी गप्प झाल्या. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. सासूबाईंनी शिकवलेलं, वीस वर्षांचं वळण. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं आपण म्हणतो. पण ती मागणी निकोटिनचीच असते. तोंडाचा कर्करोग होतो तो तंबाखूने, आणि गर्भारपणी मिश्री लावली तर मूल कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी १४.२ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. म्हणजे ही डबी एकट्या वहिनींच्याच मोरीत नाही.

त्या रात्री पेन आणि डबी दोन्ही ओट्यावर समोरासमोर आली. मायलेकांनी एकाच दिवशी सोडायचं ठरवलं.

घरात असं काही सापडलं तर

• आधी वस्तू ओळखा, मग बोला. चारचौघांत अपमान केला तर पोरगं पुढच्या वेळी नीट लपवतं.

• द्रवाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड वासाने ती तोंडात घालतात. थोडंसं निकोटिनही बाळाला घातक ठरतं. उलट्या, लाळ, घाम, झटके अशी लक्षणं दिसतात. ओकारी काढायच्या नादी न लागता बाटलीसकट लगेच रुग्णालय गाठा. अंगावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा.

• बॅटरी चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, स्फोट होतो.

• सोडताना पहिला आठवडा चिडचिड, डोकेदुखी होते. पुढे ती ओसरत जाते. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, अंगणात फेरी मारा.

• सरकारचा मोफत मदतीचा फोन आहे : १८००-११-२३५६.

पोरगा लातूरला परत गेला. दर रविवारी फोनवर आधी तोच विचारतो, "आई, किती दिवस झाले?" वहिनी म्हणाल्या, "ताई, सकाळी अजून हात डबीकडे जातो. पण खोटं सांगितलं, तर तोही खोटंच सांगेल ना?"