उंबरठ्यावरची विचारपूस



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवीत. भागाकार मांडावयास कोणी खडू उचलला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : “भाजक कोण आहे, ते पाहिलेस का?” पुढे मी मराठीचा अध्यापक झालो आणि तो प्रश्न विसरलो. मागल्या वर्षी, वयाच्या ७४व्या वर्षी, एका संगणकाने मला त्याची आठवण करून दिली.

आपल्या शाळेचे जुने हस्तलिखित अंक जीर्ण होत चालले आहेत. त्यांची पाने स्कॅन करून संगणकात साठविण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी हाती घेतले आणि प्रत्येक पानाला नाव देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. ज्या आज्ञावलीतून संगणकातील फायली पाहावयाच्या, हलवावयाच्या व त्यांना नावे द्यावयाची, तिला फाइल मॅनेजर म्हणतात. हे एक प्रकारचे फडताळच. त्याची मांडणी आपल्या सोयीने बदलता येते : चित्रे केवढी दिसावीत, रकाने किती रुंद असावेत, दिनांक कसा लिहावा. या शेवटच्या सोयीसाठी एक साचा लिहावा लागतो. टक्क्याचे चिन्ह काढून पुढे इंग्रजी ‘डी’ लिहिला की तेथे दिवस उमटतो, ‘एम’ लिहिला की महिना. मी मनाशी म्हटले, अंक मराठी, तर साचाही मराठीच असावा. आणि टक्क्यापुढे ‘दि’, ‘म’ आणि ‘व’ अशी अक्षरे लिहून मोकळा झालो.

खिडकी क्षणात नाहीशी झाली. पुन्हा उघडली, पुन्हा नाहीशी झाली. संगणक बंद करून सुरू केला, तरी तेच. तीन दिवसांनी मी चिटणिसांना चिठ्ठी लिहिली, की हे काम माझ्या हातून होणारे नाही, ते तरुण माणसाकडे द्यावे. सत्तरी उलटलेल्या माणसाला असे लिहिताना काय वाटते, हे सभागृहातील माझ्या समवयस्कांना सांगावयास नको.

चिठ्ठी वाचून माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हाच त्याचा व्यवसाय. त्याने एक लहानशी फाइल उघडली, तीतील एक ओळ पुसली आणि फडताळ पूर्ववत उघडले. मी खजील होऊन बसलो होतो. तो म्हणाला, “सर, चूक तुमची नाही. ज्याने तुमचे उत्तर न तपासता ठेवून घेतले, त्याची आहे.”

मग त्याने जे समजावले, ते माझ्या भाषेत सांगतो. दिनांक घडविणाऱ्या यंत्रणेला ‘दि’ हे अक्षर ओळखता आले नाही, म्हणून तिने रिकामा हात परत केला. तेथवर सर्व रीतसर होते. परंतु मागणाऱ्या आज्ञावलीने हातात काही आहे की नाही हे पाहिलेच नाही. जे नव्हते तेच वाचावयास ती गेली आणि संगणकाच्या मुख्य व्यवस्थेने तिला तेथेच थांबविले. याहून मोठा दोष पुढचा. माझा साचा वापरून पाहण्याआधीच जतन झाला होता. त्यामुळे प्रत्येक वेळी उघडताना आज्ञावली तोच साचा वाची आणि पुन्हा कोसळे. चूक दुरुस्त करण्याची जागा तिच्या आतच, आणि आत जाण्याची वाट त्याच चुकीने बंद!

उपाय साधा आहे. दिलेला साचा स्वीकारण्यापूर्वी आजच्या दिनांकावर एकदा चालवून नमुना दाखवावा. नमुना उमटला नाही, तर जुना साचा कायम ठेवून कारण सांगावे. शिवाय जतन केलेली मांडणी वाचतानाही पुन्हा तपासावी. कारण ती फाइल मध्यंतरी कोणी हाताने बदललेली असेल, किंवा वीज गेल्याने अर्धवट लिहिली गेली असेल. त्या वेळी मूळचे सुरक्षित मूल्य वापरावे, पण दार उघडावे.

हे ऐकताना मला आपल्या शास्त्रकारांचे स्मरण झाले. वाक्यातून अर्थबोध व्हावा म्हणून त्यांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा अटी सांगितल्या. टक्क्याचे चिन्ह ठरावीक अक्षराची आकांक्षा निर्माण करते. ती मी पुरी केली नाही. योग्यतेच्या अभावाचे उदाहरण म्हणून ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य देतात : व्याकरण शुद्ध, परंतु अर्थ बाधित. चित्राच्या आकाराच्या चौकटीत कोणी ‘उणे चाळीस’ लिहिले, तर तेही तसेच. संख्या म्हणून ती निर्दोष आहे; आकार म्हणून अयोग्य. म्हणून ‘ही संख्या आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ती येथे शोभते का?’ हेही विचारावे लागते.

न विचारल्याची किंमत केवढी असू शकते? सप्टेंबर १९९७मध्ये ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकन युद्धनौकेवर एका खलाशाने माहितीच्या एका रकान्यात शून्य भरले. आज्ञावलीने त्या शून्याने भागाकार मांडला, नौकेवरील संगणकांचे जाळे कोसळले आणि ती सुमारे पावणेतीन तास समुद्रात निश्चल राहिली. आमच्या गुरुजींचा प्रश्न त्या आज्ञावलीला कोणी शिकविला नव्हता.

मात्र तपासणी म्हणजे अनोळखी पाहुण्याला मज्जाव नव्हे. फेब्रुवारी २०१८मध्ये ऍपलच्या फोनवर तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ हे जोडाक्षर संदेशात आले, की ती आज्ञावली कोसळे. अक्षर पूर्णतः शुद्ध होते. ते रेखाटणारी व्यवस्था कच्ची होती. तेथे अक्षराला बंदी घालणे हा उपाय नव्हता. व्यवस्था सुधारणे हाच होता, आणि त्याच महिन्यात तसे करण्यात आले. अनेक लिपींच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणांस हा भेद चटकन उमगावा : अयोग्य ते नाकारावे, अपरिचित ते समजून घ्यावे.

नकार देण्याचीही एक रीत असते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह लिहू लागलो, तर कोणती नऊ चिन्हे चालत नाहीत, हे तेथल्या तेथे सांगितले जाते. काम अडत नाही आणि माणूस खजीलही होत नाही. परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर नुसती फुली न मारता समासात कारण लिहावे, तसे हे आहे. चाळीस वर्षांच्या अध्यापनात मी किती वेळा नुसतीच फुली मारली, याचा हिशेब आता मनाशी मांडतो आहे.

चिटणिसांकडची ती चिठ्ठी मी परत मागून घेतली आहे. काम पुन्हा सुरू आहे, दिनांकही उमटतात. आपल्यापैकी कोणाच्या हातून उद्या असे यंत्र कोसळले, तर वयाला दोष देण्यापूर्वी एवढेच विचारावे : मी लिहिलेले घेताना उंबरठ्यावर कोणी विचारपूस केली होती काय?